बाहीवरची रेघ

तपासणीच्या बाई चार वाजता येणार होत्या. दुपारचं कोणी धड जेवलं नव्हतं.

बाबांनी लाँड्रीचं शटर अर्धं खाली ओढलं, आत आले, आणि पुन्हा बाहेर जाऊन ते पूर्ण वर ढकललं. अर्धं शटर बघून बाईंना वाटायचं, या घरात कोणीतरी गेलंय. मग त्यांच्या लक्षात आलं की गेलंच आहे, आणि तेच तर आज लपवायचं आहे.

हाताला काम हवं म्हणून त्यांनी बटणचा शर्ट टेबलावर घेतला. बटण म्हणजे धाकटा. रांगत असताना याच टेबलाखाली त्याने एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण गिळलं होतं. नाव तेव्हापासून चिकटलं. कोर्टात त्याचं खरं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्याची आईसुद्धा क्षणभर इकडेतिकडे बघत राहिली होती.

तुरुंगात महिन्याला घरच्या कपड्यांचा एक जोड देता येतो. फिका रंग, खिसा नको, जाड कापड नको. आधी गळपट्टी, मग खांदा, मग पाठ. बाबांनी बाही सपाट पसरली, पाणी शिंपडलं आणि इस्त्री एका दमात खाली ओढली. बाहीवर सुरीच्या पात्यासारखी रेघ उठली. ही रेघ त्यांना आवडायची. बायकोला नाही. तिची एक लाकडी पट्टी होती, बाहीत आतून सरकवायची. तिच्या हातची बाही नळीसारखी गोल यायची. "तुमची बाही म्हणजे पुठ्ठा," ती म्हणायची. पट्टी अजून खिळ्याला टांगलेली होती. तिच्यावर धूळ बसली होती आणि ती पुसायला कोणी हात लावत नव्हतं.

आजच्यापुरती बोलावलेली मावशी जिना उतरून आली. अंगावर बहिणीचा राखाडी एप्रन, केस तिच्यासारखे मागे घट्ट बांधलेले.

"भावजी, कशी दिसते?"

बाबांनी बघितलं आणि इस्त्री उभी करून ठेवली.

"उंच दिसतेस," ते म्हणाले.

"बसूनच राहीन की. आजारी आहे म्हणायचं. आजारी बाईला कोण उभं करतं?"

"आणि बोललीस म्हणजे?"

"बोलणारच नाही."

"तू?"

मावशीला हसू आलं. बाबांनाही आलं असतं, पण एप्रनच्या खिशाला बायकोने लावलेली सेफ्टीपिन त्यांना दिसली, आणि ते पाणी आणायला मागे गेले. पाणी नको होतं. तरी गेले.

थंडीच्या दिवसांत बायको दवाखान्यात होती तेव्हा म्हणाली होती, "त्याला कळवू नका. कळवलंत तर बेड्या घालून आणतील. मला तो तसा बघायचा नाही." ती गेली. मग पहिला रविवार आला, बटणचा फोन आला. "आई कुठंय?" बाबा म्हणाले, "झोपलीय." पुढच्या रविवारी म्हणाले, पाठ धरलीय. एकदा खोटं बोलल्यावर खरं बोलायला जागाच उरली नाही. मुलाखतीला कोणी गेलं नाही. काचेपलीकडे बसलेल्या त्याच्या तोंडावर खोटं बोलायची कोणाची छाती नव्हती. फक्त खिडकीवर कपडे द्यायचे आणि परत यायचं. हल्ली दोन-तीन फोनांत त्याने आईचं विचारलंच नव्हतं. बाबांना त्यामुळे हलकं वाटलं होतं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली होती.

पण जाण्याआधी तिने एक काम करून ठेवलं होतं. पहिल्याच गुन्ह्यात आत गेलेल्या आणि अर्धी शिक्षा भोगलेल्या माणसाला उरलेली शिक्षा घरी राहून काढता येईल, असा नवा नियम आला होता. घरचा एक माणूस हमीदार म्हणून उभा राहायला हवा. तिने अर्ज केला, हमीदार स्वतः राहिली. त्या अर्जाची तपासणी आज होती. हमीदार मात्र नव्हती.

*

लॉजच्या चादरी संध्याकाळपर्यंत जायच्या होत्या. चादरीची घडी एकट्याने होत नाही. म्हणून ताईला एक बाजू धरावी लागली आणि दुसरी दादाने धरली. कोर्टातल्या त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. चादर ताणायची, झटकायची, चालत एकमेकांपर्यंत यायचं, कोपरे हातात द्यायचे, मागे जायचं. बोटाला बोट लागायचं आणि दोघं दुसरीकडे बघायचे.

"बाबा, याला सांगा," ताई म्हणाली, "की बाई आल्या की याने मागच्या दाराने बाहेर जावं. याचं तोंड बंद राहत नाही."

"बाबा, हिला सांगा," दादा म्हणाला, "की हे घर माझंही आहे. आणि मावशीला आई करायचं म्हणजे गुन्हा आहे. एक आत आहे तेवढा पुरे."

"गुन्ह्यातलं तुला जास्त कळतं."

"ते तू मला म्हणालीस की बाबांना?"

"चादर नीट धर."

ताई दुसऱ्या गावी दाताच्या डॉक्टरकडे कामाला होती, खोली घेऊन राहायची. मावशीला बसवायची कल्पना तिचीच. तिला ती रात्री सुचली तेव्हा चांगली वाटली होती. आता एप्रनमधल्या मावशीकडे बघायचं ती टाळत होती. पण दुसरं काय होतं? बाबांचं वय बसत नव्हतं. पासष्टच्या आतला माणूस हवा. ती स्वतः या घरात राहत नव्हती. दादाला तर ती विचारणारच नव्हती. आणि हमीदारच नाही म्हटलं तर अर्ज फेटाळणार. बटणने आणखी दोन वर्षं आत काढायची, कारण आई अर्ज पूर्ण व्हायच्या आत मेली? हे तिला मान्य नव्हतं.

आईचा फोन तिच्याकडे होता. त्यात आतल्यांच्या घरच्यांचा एक ग्रुप होता. तुरुंगाच्या फाटकासमोर एका खोलीत एक वकीलबाई बसायच्या, फी न घेता सल्ला द्यायच्या. नियम बदलला, मुलाखतीची वेळ बदलली, कोर्टाचा नवा निकाल आला, की त्या ग्रुपवर टाकायच्या. आई नव्या बायकांना उत्तरं द्यायची. काकू, स्वेटर चालतो का? काकू, लहान मुलाला आत सोडतात का? आई गेल्यावर ताईने एकदा तो ग्रुप उघडला होता. "काकू बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत, बऱ्या आहात ना?" असं कोणीतरी लिहिलं होतं. तिने फोन पालथा ठेवला तो ठेवलाच.

"कोर्टात तू गप्प बसला असतास तर आज यातलं काही करावं लागलं नसतं," ती म्हणाली. थेट म्हणाली. बाबा मध्ये नव्हते.

दादाने कोपरे हातात दिले आणि सोडले नाहीत.

"ज्याच्या पायावरून गाडी गेली, तो शाळेचा वॉचमन होता. कुबडी घेऊन फिरतो. गाडी माझीच. बटण दारू पिऊन गाडी घेऊन गेला, परत येऊन बोनेट धुऊन ठेवलं. मला कोर्टात विचारलं, गाडी कोण चालवत होतं. मी काय सांगायचं होतं, आपोआप चालत होती?"

"आईला विचारून सांगायचं होतंस."

"आईला विचारलं असतं तर तिने मलाच आत पाठवलं असतं."

मावशी म्हणाली, "अरे, चादर जमिनीला लागतेय."

*

वहिनी काउंटरमागे कपड्यांना चिठ्ठ्या लावत होती. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती भांडणाच्या वेळी काहीतरी मोजत असायची. तिला घरात सगळे दादाच्या बाजूची धरायचे, आणि दादाही धरायचा.

ती म्हणाली, "हे सोंग करू नका. गरज नाही."

कोणी लक्ष दिलं नाही. तिने पिनांचा डबा काउंटरवर आपटला.

"मागच्या आठवड्यात नवं परिपत्रक आलंय. हमीदार मेला तर अर्ज रद्द होत नाही. त्याच घरात राहणारं, रक्ताच्या नात्याचं दुसरं माणूस उभं राहू शकतं. तपासणीच्या वेळी तोंडी सांगितलं तरी चालतं, बाई तिथेच लिहून घेतात. पण हमीदाराबद्दल काही लपवलं आणि कळलं, तर अर्ज कायमचा बाद. पुन्हा करताच येत नाही."

"कुठे आलंय?" ताईने विचारलं.

"ग्रुपवर. तुमच्या हातात फोन आहे ना आईंचा? त्यातच असेल."

ताईने फोन काढला. बराच वेळ बोट फिरवत वर वर गेली. मग तिचा चेहरा पडला.

दादा बायकोकडे बघत राहिला. "तू त्या ग्रुपवर कधीपासून आहेस?"

"आई आजारी पडल्या तेव्हापासून. त्यांनीच घातलं मला. म्हणाल्या, कोणीतरी वाचायला हवं."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारता का मला काही? व्हॅनचं पेट्रोल सोडून?"

मावशीने एप्रनची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "म्हणजे मी काय करू आता? काढू की ठेवू?"

"थांब," बाबा म्हणाले. "तू चालशील का गं, हमीदार म्हणून?" हे त्यांनी सुनेला विचारलं.

"रक्ताचं नातं लागतं, बाबा. मी विचारून आले फाटकावर जाऊन. मी चालत असते तर केव्हाच केलं असतं."

मागे बॉयलर घरघरत होता. या घरात राहणारं, वयात बसणारं, रक्ताचं एकच माणूस होतं, आणि त्याच्या हातात अजून चादरीचं टोक होतं.

"नाही," दादा म्हणाला.

"अहो—"

"तू बोलू नकोस. मला न सांगता सगळं ठरवून ठेवलंस." त्याने चादर टेबलावर टाकली. "मी सही करणार नाही. कोणाला काय वाटायचं ते वाटू दे."

"बघितलंत?" ताई ओरडली. "म्हणून मावशीच बरी. मावशी, बस तिकडे!"

*

दादा व्हॅनमध्ये जाऊन बसला. किल्ली लावली, काढली, पुन्हा लावली. जायचं कुठे होतं? चादरी तर आतच होत्या.

त्याला बटण घरी नको होता असं सगळ्यांना वाटत होतं. तसं नव्हतं. त्याला तो हवा होता, इतका की रोज सकाळी गाडी सुरू करताना बाजूच्या रिकाम्या सीटचा राग यायचा. पण साक्ष दिली त्या दिवसापासून आईने त्याचे शर्ट हातात घेतले नाहीत. घरातल्या सगळ्यांचे ती करायची, गिऱ्हाइकांचे करायची. त्याचे तसेच टोपलीत पडून राहायचे, मग बाबा करायचे. भांडली असती तर बरं झालं असतं. ती ताट वाढायची, पाणी द्यायची, फक्त शर्ट नाही. आणि एक दिवस दवाखान्यात गेली, ती परत आली नाही. आता हे कोणाशी मिटवायचं?

स्कूटर थांबल्याचा आवाज आला. हेल्मेट काढत एका बाईने काचेवर टकटक केलं.

"लाँड्री हीच का?"

तो नुसती मान हलवून उतरला आणि तिच्या मागोमाग आत गेला. जायचं नाही असं ठरवून गेला.

आत सगळे जागच्या जागी थिजले होते. मावशी खुर्चीत बसली होती, एप्रनसकट, गुडघ्यावर शाल. ताई तिच्या मागे उभी. बाईंनी पिशवीतून कागद काढले आणि मावशीकडे बघितलं.

"तुम्हीच का आई?"

मावशीने तोंड उघडलं. काही बोलणार नाही असं ती म्हणाली होती, आणि खरंच काही आलं नाही. तिने भावजींकडे बघितलं.

बाबा इस्त्रीच्या टेबलाशी उभे होते. म्हणाले, "या माझ्या मेहुण्या. माझी बायको गेली. थंडीत गेली. आम्ही तिला... आम्ही कळवलं नाही. तिकडे नाही, मुलालाही नाही." त्यांनी टेबलाची कड धरली. "ती मेली," ते पुन्हा म्हणाले, जणू पहिल्यांदा नीट बोललं गेलं नव्हतं.

ताई भिंतीकडे वळली. दादाच्या लक्षात आलं, बाबांच्या तोंडून हे कोणीच कधी ऐकलं नव्हतं.

बाईंनी बसून कागद मांडीवर ठेवले. "माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही सांगणं गरजेचं होतं. सांगितलं नसतंत तर मला इथूनच मागे फिरावं लागलं असतं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या मुलाने. सकाळी भेटून आले त्याला."

"त्याला माहीत नाही," ताई म्हणाली.

"आहे. पहिला शर्ट आला तेव्हाच त्याला संशय आला." बाईंनी स्वतःच्या बाहीवरून बोट फिरवलं. "म्हणाला, बाहीला रेघ होती. आईच्या हातची बाही गोल असते, आणि माझा शर्ट ती कोणाला करू देत नाही. त्याला आधी वाटलं, आजारी असेल. दुसऱ्या महिन्यातही रेघच आली. तिसऱ्या महिन्यात त्याने फोनवर विचारणं बंद केलं. म्हणाला, बाबांना दर रविवारी नवीन काय काय रचायला लागतंय, त्यांना कशाला त्रास?"

बाबांनी टेबलावरच्या शर्टाकडे बघितलं. त्यांनीच आता केलेला होता. इतके महिने घरात सगळ्यांनी जीभ सांभाळली होती, शब्द जपून वापरले होते, आणि दर महिन्याला स्वतःच्या हाताने त्याला खरं ते पाठवलं होतं. कपडे धुण्यावर आयुष्य गेलेल्या माणसांना हे सुचलं नव्हतं.

"अरे देवा," मावशी म्हणाली, आणि एप्रनमध्ये तोंड लपवून रडायला लागली. वहिनी तिच्याजवळ जाऊन बसली.

दादाने स्वतःच्या बाहीकडे बघितलं. तिथेही तीच रेघ होती. साक्षीच्या दिवसापासूनची.

"माझ्याबद्दल काय म्हणाला?" त्याने विचारलं.

बाईंनी कागद पुन्हा हातात घेतले. "म्हणाला, दादाला विचारू नका. नाही म्हणाला तर ते त्याला जन्मभर टोचेल. हो म्हणाला तर त्याहून जास्त."

"अक्कल शिकवतोय मला," दादा म्हणाला. "आत बसून." "हमीदाराला करायचं काय असतं?"

"रात्री तो घरात आहे हे बघायचं. आठवड्याला हजेरी लावायला न्यायचं. आणि त्याने नियम मोडला, प्यायला, गाडी चालवली, बाहेर राहिला, तर दुसऱ्या दिवसाच्या आत तुम्ही स्वतः येऊन सांगायचं. सांगितलं नाहीत तर तुमच्यावर केस."

"म्हणजे पुन्हा मीच सांगायचं."

"हो."

"माझ्या भावाचं."

"हो. म्हणूनच विचार करा. घाई नाही म्हटलं असतं, पण माझा अहवाल आजच जातो."

ताईला ते तेव्हा कळलं. सही केली तर त्याच्या वाट्याला काय येणार होतं ते. ती भिंतीपासून वळली आणि दादाजवळ आली. "दादा," ती म्हणाली. एवढंच. कोर्टानंतर पहिल्यांदाच तिने त्याला अशी हाक मारली. पुढे म्हणाली, "त्या वेळी मी येते. तुला एकट्याला जावं लागणार नाही. सांगायला मी येते बरोबर."

"तू राहतेस कुठे, येतेस कुठे," दादा म्हणाला. मग बाईंकडे हात केला. "आणा. साक्ष द्यायचं काम मला येतं. घरात दुसऱ्या कोणाला येत नाही."

वहिनीला हसू फुटलं आणि ती एकदम रडायला लागली. दादाने टेबलावर वाकून सही केली. बाही कागदावर टेकली.

"आणि त्याला सांगा," तो बाईंना म्हणाला, "व्हॅनच्या किल्लीला हात लावायचा नाही. बाजूला बसायचं. चादरी उचलायच्या."

"ते तुम्हीच सांगा. आला की."

*

बाई वरची खोली बघून गेल्या. खोलीत कोणी न्यायला न आलेले कोट टांगलेले होते. ते हलवा आणि खिडकी उघडेल असं करा, म्हणाल्या. मंजुरी आली तर पंधरवड्यात सोडतील. तर, असं त्यांनी दोनदा म्हटलं. बाबांनी तो तर ऐकला आणि बाजूला ठेवला.

दादा चादरी पोचवायला गेला. ताई बरोबर गेली, रिकाम्या सीटवर बसून. दोघं बोलत होते की भांडत होते ते दुकानातून कळलं नाही, पण आवाज दोघांचे येत होते.

मावशीने एप्रन काढून घडी घातली. तिचं लक्ष खिळ्याकडे गेलं. तिने पट्टी काढली, पदराने पुसली आणि बाबांपुढे ठेवली.

"सुटायच्या दिवशी घालायचा शर्ट ना हा? ही घालून करा, भावजी. त्याला बरं वाटेल. त्याच्या आईसारखी बाही होईल."

बाबांनी पट्टी हातात घेतली. लाकूड मधोमध काळपट झालं होतं, बायकोच्या इस्त्रीने. त्यांनी ती शर्टाच्या बाहीत सरकवली, इस्त्री वर धरली. बराच वेळ धरून उभे राहिले. वाफ वर येऊन चष्म्यावर बसली.

मग त्यांनी पट्टी बाहेर काढली.

"नको," ते म्हणाले. "आता फसवायचं नाही त्याला."

बाही सपाट पसरली, पाणी शिंपडलं, आणि इस्त्री एका दमात खाली ओढली.